बोरघाट: गाडी उतरवण्याची विद्या

कर्जतला गाडी थांबली की प्रवासी वड्यासाठी फलाटावर उतरतात आणि तेवढ्या वेळात गाडीच्या मागे जादा इंजिने लागतात. बोरघाट चढायला मागून रेटा द्यावा लागतो, हे मुंबई-पुणे करणाऱ्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. रेल्वेवाल्यांना मात्र चढापेक्षा उताराचा घोर अधिक. चढताना जोर कमी पडला तर गाडी अडून बसेल, एवढेच. उतरताना ब्रेक कमी पडला तर ती कुणाचे ऐकत नाही.

1858 साली खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, अलीकडे खोपोलीपर्यंतही रूळ आले होते. मधला घाट मात्र पालखी, तट्टू नाहीतर गाडीरस्त्याने पार करावा लागे. जेम्स बर्कली या इंजिनिअरच्या आखणीनुसार तो रुळांनी जोडला गेला आणि 21 एप्रिल 1863 रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी मार्ग खुला केला. बर्कली आदल्याच वर्षी वारले होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल तर हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यावर काही आठवड्यांतच गेला. पुढचे काम त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने तडीस नेले. पंचवीस बोगदे, सुमारे 1,831 फुटांची चढण, आणि सर्वांत कठीण जागी 37 फुटांमागे एक फूट असा उतार.

इतके करूनही खंडाळ्याखाली डोंगराने सलग वाट दिलीच नाही. म्हणून तिथे ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ बांधले. गाडी आत यायची, इंजिन एका टोकाचे सुटून दुसऱ्या टोकाला लागायचे आणि गाडी आल्या दिशेच्या उलट निघायची. उतरणाऱ्या गाडीला इथे थांबण्यावाचून गत्यंतर नव्हते, कारण पुढे रूळच नव्हते.

आणि थांबायचे कशाच्या भरवशावर? सुरुवातीला हातब्रेकच्या. इंजिनाची शिटी ऐकून ब्रेकव्हॅनमधला माणूस चाक फिरवत ब्रेक आवळणार. फार आवळला तर चाके फिरायची थांबून रुळांवरून घसरत जाणार. सैल ठेवला तर वेग वाढणार. लांब उतारावर ब्रेकचे ठोकळे तापून झिजणार ते वेगळेच. पुढे व्हॅक्यूम ब्रेक आला आणि सगळ्या डब्यांचा ताबा ड्रायव्हरच्या हाती गेला. तरी घर्षणाची उष्णता काही चुकली नाही.

त्यावरचा उतारा विजेने दिला. 1928 पासून स्वित्झर्लंड आणि इंग्लंडमध्ये बांधलेली 41 विद्युत इंजिने हा मार्ग चालवणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी.आय.पी.) रेल्वेकडे आली. तीन भागांत सांधलेले अंग, बाहेरून हलणारे दांडे. लोकांनी त्यांचे नाव ‘खेकडा’ ठेवले. ही इंजिने उतारावर आपल्याच मोटरींचे जनित्र करत. गाडीचे वजन चाके फिरवी, चाके मोटर फिरवीत, मोटर वीज तयार करून वरच्या तारेत परत सोडी, आणि या खटाटोपात वेगाला लगाम बसे. ठोकळे थंड राहत. घाट चढणारी दुसरी गाडी ती वीज वापरू शके. उतरणाऱ्याने चढणाऱ्याला हात द्यावा, असा हा हिशेब. मात्र तारेवरची वीज घ्यायला कुणीच नसेल तर हा लगाम ढिला पडतो. शिवाय थांबलेल्या मोटरीतून वीज निघत नाही, म्हणून गाडी जागच्या जागी धरून ठेवायला घर्षणाचा ब्रेक लागतोच. विद्युतीकरणाच्याच सुमारास नवे बोगदे खोदून रिव्हर्सिंग स्टेशनही बंद केले गेले.

या साऱ्या यंत्रांहून आपल्याला जास्त कौतुक वाटावे ते ‘कॅच सायडिंग’चे. मुख्य मार्गातून फुटून डोंगरावर चढत जाणारा आणि तिथेच संपणारा हा फाटा. घाटातले सांधे एरवी त्याच्याकडेच वळवलेले असतात. उतरणारी गाडी ठरल्या जागी पूर्ण उभी राहिली, म्हणजे ती ताब्यात आहे असे तिने स्वतःच दाखवून दिले, की मगच तिला खालची वाट मिळते. बेफाम आलेली गाडी आपोआप चढावर जाऊन वेग गमावते. प्रत्येक गाडीकडे आधी संशयाने बघणारी ही पद्धत माणसाच्या सावधपणावर विसंबत नाही, हे तिचे शहाणपण.

मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी, कुणी चढत-उतरत नसताना, मुंबईकडे निघालेली गाडी उभी राहते. सिग्नल मिळत नाही म्हणून प्रवासी चुकचुकतात आणि घड्याळाकडे बघतात; तिथे ब्रेकची परीक्षा चाललेली असते.