शय्याव्रणाच्या चार श्रेणी कुठून आल्या

माकडहाडावरची लाली बोटाने दाबून सोडल्यावर पांढुरकी झाली नाही, तर ती पहिली श्रेणी. वरची कातडी सोलली किंवा पाण्याचा फोड आला, तर दुसरी. आतली चरबी दिसली की तिसरी. स्नायू किंवा हाड उघडं पडलं की चौथी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा शिकताना ही मोजणी पहिल्यांदा शिकवतात. तिचं वय मात्र अर्ध्या शतकाच्या आसपास आहे. जखमेवरचा खरा उपाय तिच्याहून पुष्कळ जुना.

सोळाव्या शतकात फ्रेंच शल्यविशारद आंब्रोझ पारे यांच्याकडे एका उमरावाची केस आली. मांडीत गोळी लागून तो कित्येक महिने पडून होता आणि ढुंगणावर मोठा व्रण झाला होता. पारे यांनी मलमपट्टी केलीच, पण त्याला कोरड्या, स्वच्छ अंथरुणावर हलवलं, व्रणाचा भाग अधांतरी राहील अशी छोटी मऊ उशी दिली आणि अंगी ताकद येईल असं खाऊ घातलं. आजची काळजी याहून फार वेगळी नाही.

तीन शतकांनी हे शहाणपण मागे पडलं. पॅरिसचे थोर मज्जातंतुतज्ज्ञ शार्को यांनी या व्रणांचं मूळ मेंदू आणि मज्जारज्जूच्या इजेत शोधलं. त्याआधीच ब्राऊन-सेकार यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाब आणि ओल यांच्याकडे बोट दाखवलं होतं, पण वजन पडलं शार्को यांच्या शब्दाला. मज्जातंतूच तुटले म्हटल्यावर व्रण अटळ ठरला, आणि अटळ गोष्टीसाठी रात्री उठून रुग्णाची कूस कोण बदलणार? या एका समजुतीने किती माणसं हकनाक सडली असतील, याचा विचारही असह्य होतो.

ती समजूत मोडली नाझी जर्मनीतून निसटून इंग्लंडला आलेल्या लुडविग गुटमान यांनी. १९४४ मध्ये स्टोक मँडेविल रुग्णालयात कमरेखाली लुळे पडलेले सैनिक त्यांच्या हाती आले. दर दोन तासांनी कूस बदलायची, दिवसा आणि रात्रीही, हा त्यांचा दंडक. मज्जारज्जू तुटलेलाच होता, तरी कातडी शाबूत राहू लागली. पुढे १९५९ मध्ये मायकेल कोसियाक यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं की प्रचंड दाब थोडा वेळ किंवा बेताचा दाब बराच वेळ, दोन्हींनी मांस मरतं.

श्रेणी आल्या त्यानंतर, १९७५ मध्ये. अस्थिशल्यविशारद डॅरेल शी यांनी व्रणाच्या खोलीवरून चार श्रेणी पाडल्या. वर कातडी जवळपास धड आणि आत पोकळी, असा ‘बंद’ प्रकार वेगळा ठेवला. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळाने शी यांच्या मोजणीवरून आजची चौकट बांधली.

आकड्यांनी सोय झाली, तसा घोटाळाही. एकानंतर दोन, दोनानंतर तीन, असं व्रण पायरीपायरीने उतरतो असं घरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात दाब सर्वांत जास्त हाडालगत असतो आणि स्नायू कातडीआधी मरतो. वरून नुसता जांभळा डाग, आणि चार दिवसांत खड्डा! शी यांच्या ‘बंद’ प्रकारातलं हे भान चौकटीत परतायला २००७ उजाडलं. तेव्हा खोलवरच्या इजेला स्वतंत्र जागा मिळाली. भरून येतानाही आकडे उलटे मोजत नाहीत: चौथ्या श्रेणीचा खड्डा वणाने भरतो, गेलेला स्नायू परत येत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण. सावळ्या कातडीवर लाली अनेकदा दिसतच नाही. म्हणून खुबे, टाचा, माकडहाड दिवसाउजेडी पाहायचं, शेजारच्या कातडीशी रंग ताडायचा, हात लावून ऊन, गार, कडक की लिबलिबीत ते चाचपायचं. शंका आली की त्या जागेवरचा भार काढायचा: पाठीमागे उशी देऊन साधारण तीस अंशांवर कलतं झोपवायचं, पोटरीखाली उशी ठेवून टाच अधांतरी करायची. तिथे चोळायचं नाही. आणि मधे भोक असलेली हवेची रिंग घरात असली तरी वापरायची नाही. ती कडेची कातडी दाबते आणि मधल्या भागाचं रक्त तोडते.