फुकट खेळाची किंमत

फुकट मिळालेल्या वस्तूला मोल नसते, असा आपला व्यवहारी समज. संगणकावरील खेळांचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. अमेरिकेतील टार्न आणि झॅक ॲडम्स या बंधूंनी ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’ हा खेळ २००६ साली लोकांना विनामूल्य खुला केला. त्यात चित्रे नव्हती. अक्षरे आणि चिन्हे यांतूनच डोंगर, नद्या, बुटक्यांची वसाहत उभी राही. नवे जग घडवताना संगणक त्या जगाचा शेकडो वर्षांचा इतिहासही रचतो. गणितात डॉक्टरेट मिळवलेल्या टार्न यांनी विद्यापीठातली नोकरी सोडली. चरितार्थ चालला तो खेळणाऱ्यांनी आपखुशीने दिलेल्या देणग्यांवर. २०१२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानेही या खेळाची निवड केली.

पण मानाने औषधाचे बिल भागत नाही. झॅक यांना कर्करोगाने गाठले. उपचारांच्या खर्चाची धास्ती घेऊन भावांनी २०१९ मध्ये सचित्र, विकतची आवृत्ती काढण्याचे जाहीर केले. डिसेंबर २०२२ मध्ये ती आली आणि तिच्या लाखो प्रती खपल्या. अक्षरांची जुनी आवृत्ती त्यांनी फुकटच ठेवली. वाचकहो, ती जरूर खेळून पाहा. मात्र फुकट देणाऱ्यालाही पोट असते, एवढे ध्यानात असू द्या.