उषा, ध्रुव आणि लोकमान्य

शहाद्यासारख्या साडेएकवीस अक्षांशावरील गांवांत उषेचें राज्य फार थोडा वेळ चालतें. पूर्वेकडे फटफटल्यापासून गोमाईच्या पात्रावर ऊन उतरेपर्यंत सव्वा-दीड तासाहून अधिक वेळ लागत नाहीं. वर्षांतला मोठ्यांत मोठा दिवस सुमारें साडेतेरा तासांचा, लहानांत लहान पावणेअकरांचा. अशा देशांत राहून ऋग्वेद वाचणाऱ्याला एक शंका सहज यावी. आपल्याकडे पहांट न चुकतां रोज होते. मग ऋषि उषेची एवढी आळवणी कां करतात? सूर्योदयापूर्वीं पुष्कळ दिवस लोटले, असा उल्लेख सातव्या मंडलांत कसा येतो? आणि तैत्तिरीय संहितेंत उषा एक नसून तीस बहिणी कां आहेत?

शंका अनेकांना आली असेल. तिचा पाठलाग करीत थेट ध्रुवापर्यंत गेले ते लोकमान्य टिळक. १८९३ च्या ‘ओरायन’मध्यें त्यांनीं मृगशीर्षांतील वसंतसंपाताच्या आधारें वेदकाल ठरविण्याचा यत्न केला होता. १८९७ मध्यें राजद्रोहाची शिक्षा झाली. तुरुंगांत त्यांच्या हातीं मॅक्समुल्लरनें धाडलेली ऋग्वेदाची प्रत आली, आणि सप्टेंबर १८९८ मध्यें सुटका झाल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस नव्या ग्रंथाचा पहिला खर्डा तयार झाला. पुढें सिंहगडाच्या मुक्कामांत त्यावर काम होऊन १९०३ सालीं ‘दि आर्क्टिक होम इन दि वेदाज’ प्रसिद्ध झाला. ध्रुवप्रदेशांत कधीं पाऊल न टाकलेल्या गृहस्थानें तेथील आकाशाचें वर्णन सह्याद्रीच्या एका किल्ल्यावर बसून केलें, ही गोष्ट मला अद्यापि विलक्षण वाटते.

त्यांची रीत वकिलाची होती. प्रथम ध्रुवावर काय दिसेल तें खगोलशास्त्रावरून निश्चित करावयाचें: सहा महिन्यांचा दिवस, सहा महिन्यांची रात्र, क्षितिजाभोंवतीं फिरणारी दीड-दोन महिन्यांची एकच उषा. मग वेदांत त्या खुणा शोधावयाच्या. महाभारतांतील मेरूवर राहणारांचें अहोरात्र एका वर्षाचें असतें. दहा महिन्यांत सत्र पुरें करणारे दशग्व आहेत. पारशांच्या वेंदिदादांत ऐर्यन वएजो या आदिभूमींत दहा महिने हिंवाळा आणि दोनच महिने उन्हाळा. पुढें यिमानें बांधलेल्या वरामध्यें सूर्य-चंद्र वर्षांतून एकदांच उगवतांना दिसतात व वर्ष एका दिवसासारखें वाटतें. हा शेवटचा पुरावा खरोखरच चमकदार आहे. ध्रुवावरील स्वर्गाची कल्पना बोस्टन विद्यापीठाचे वॉरन यांनीं १८८५ मध्येंच मांडली होती, व तें ऋण टिळकांनीं मोकळेपणानें मान्य केलें. परंतु वेदवचनांची ही जुळणी वॉरनला साधण्यासारखी नव्हती.

मग आज हा सिद्धान्त विद्वान् कां मानीत नाहींत? येथें वर्गांतला एक प्रश्न हटकून आठवतो: लोकमान्यांचें चुकलें असें म्हणणें हा त्यांचा अनादर नव्हे काय? त्यांच्याच काळच्या पुण्यानें याचें उत्तर देऊन ठेवलें आहे. १९१५ सालीं, टिळक हयात असतांना, नारायण भवानराव पावगी यांनीं आर्यांचें मूलस्थान सप्तसिंधूच होय, उत्तरेकडे गेल्या त्या केवळ त्यांच्या वसाहती, असें प्रतिपादणारा ग्रंथ लिहिला. पावगींचें म्हणणेंही टिकलें नाहीं, तो भाग वेगळा.

टिळकांचा पाया भूगर्भशास्त्राचा होता. हिमयुग संपून लाख-दोन लाख वर्षें नव्हे, तर दहा हजारच वर्षें झालीं, हा अमेरिकन भूगर्भवेत्त्यांचा अंदाज त्यांनीं स्वीकारला, आणि येथें त्यांची निवड अचूक ठरली; आजचा आंकडा सुमारें ११,७०० वर्षांचा आहे. घात झाला तो त्याच्या अलीकडच्या टोंकाला नव्हे, पलीकडच्या. हिम येण्यापूर्वींचा ध्रुवप्रदेश उबदार होता खरा, पण ती ऊब सुमारें १,१५,००० वर्षांपूर्वींच संपली. मधला सारा काळ गारठ्याचा, आणि सर्वांत कडक थंडी सुमारें २०,००० वर्षांपूर्वींची. त्या थंडीतही माणूस उत्तरेस राहत नव्हता असें नाहीं. सैबेरियांत याना नदीकांठीं, ७१ अक्षांशाच्या आसपास, तीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वींची वस्ती सांपडली आहे. परंतु ते शिकारी होते. गाईंचे कळप राखणारे नव्हते.

आणि मला वाटतें, निर्णायक गोष्ट या गाईच आहेत. ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर इलुलिसाट हें गांव आहे. नांवाचा अर्थच हिमनग. शेजारची प्रचंड हिमनदी ते समुद्रांत सोडीत असते. नोव्हेंबरअखेर गेलेला सूर्य १३ जानेवारीला परततो, तेव्हां गांवकरी टेंकडीवर जमून गाणीं गाऊन त्याचें स्वागत करतात. उषःसूक्ताला याहून जवळचें दृश्य कोठें मिळेल? याच गांवीं १८७९ मध्यें जन्मलेल्या क्नुड रासमुसेननें १९२१ ते १९२४ या काळांत कुत्र्यांच्या घसरगाडीनें अलास्कापर्यंत प्रवास करून इन्युइट लोकांचीं गीतें व कथा टिपल्या. त्यांत सील आहे, देवमासा आहे, पांढरें अस्वल आहे, उपासमार आहे. ऋग्वेदांत हिंवाळा आहे, हिमवान् पर्वत आहे; पण गोठलेला समुद्र नाहीं, सील नाहीं. तेथें उषा येते ती गोठ्याचें दार उघडून गाई मोकळ्या करीत. घोडा, रथ, गाय यांचा माग घेत भाषाशास्त्र आणि अलीकडील जनुकशास्त्र दोघेंही काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ मैदानांकडेच बोट दाखवितात. टिळकांच्या ध्रुवावर आकाश होतें. माणसें व जनावरें नव्हतीं. तीं माणसें काय गातात हें रासमुसेननें जगाला ऐकविलें तेव्हां टिळक निवर्तले होते.

१९२० च्या ऑगस्टांत ते गेले. त्याच वर्षीं ९ फेब्रुवारीला पॅरिसमध्यें स्वालबार्ड बेटांविषयींचा तह झाला, आणि त्यावर ब्रिटिश साम्राज्याचा भाग म्हणून हिंदुस्थानचेंही नांव घातलें गेलें. इकडे कोणाच्या ध्यानांतही तें राहिलें नाहीं. त्याच बेटांवर ७९ अक्षांशावरील न्यू-ओलेसुन या चिमुकल्या गांवांत १ जुलै २००८ रोजीं भारताचें ‘हिमाद्रि’ केंद्र उघडलें. त्याचा कारभार टिळकांच्या कोंकणाला लागून असलेल्या गोव्यांतील ध्रुवीय संशोधन केंद्राकडे आहे. गांव मूळचें कोळशाच्या खाणीचें. १९६२ च्या स्फोटांत एकवीस माणसें दगावल्यावर खाण बंद पडली, व खाणकामगारांच्या घरांत शास्त्रज्ञ राहूं लागले. वस्तीबाहेर जातांना अस्वलाच्या भयानें बंदूक घ्यावी लागते. आमचे शास्त्रज्ञ तेथील हिमनद्या मोजतात. त्या मागें सरत आहेत.

प्रारंभीं हे लोक उन्हाळ्यांतच जात, आणि तेथील उन्हाळ्यांत सूर्य मावळतच नसल्यामुळें उषा पाहण्याचा प्रश्नच नव्हता. डिसेंबर २०२३ मध्यें पहिली हिंवाळी तुकडी गेली. न्यू-ओलेसुनला २४ ऑक्टोबरपासून १८ फेब्रुवारीपर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाहीं. त्या अवधीच्या अखेरीस कित्येक दिवस मध्यान्हाच्या सुमारास आकाश उजळतें, तेंही पूर्वेला नव्हे, दक्षिणेला. सूर्य न येतांच तो उजेड विरून जातो, आणि दुसऱ्या दिवशीं थोडा अधिक वेळ टिकतो.