पंधरातले आठ रुपये

गोपाळ कृष्ण गोखले यांच्या शिक्षणाचा हिशोब दोन आकड्यांत मावतो. १८७९ साली वडील गेले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरल्या गोविंदाने स्वतःचं शिक्षण सोडलं आणि कागलला पंधरा रुपये पगाराची नोकरी धरली. त्यातले आठ रुपये तो दरमहा धाकट्या भावाला पाठवायचा आणि उरलेल्या सातांत बाकीचं घर चालायचं. मित्राच्या आग्रहाने गोपाळ एकदा नाटकाला गेला. नंतर त्या मित्राने तिकिटाचे पैसे मागितले, तेव्हा गोपाळने दिव्याच्या तेलाचा खर्च कापला आणि रस्त्यावरच्या कंदिलाखाली अभ्यास केला, अशी आठवण सांगतात. आठ रुपये कुठून येतात आणि कुणाच्या ताटातून येतात हे त्या मुलाला पक्कं ठाऊक होतं.

सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी नोकरीची बहुतेक वर्षं फीच्या खिडकीमागे काढली. पावत्या फाडल्या, हप्त्यांचे अर्ज साहेबांपुढे ठेवले, स्कॉलरशिपच्या याद्या केल्या. त्यामुळे जुन्या काळातल्या मुलांच्या फीची गोष्ट वाचली की मी पहिल्यांदा विचारते, हे पैसे भरले कुणी? गेल्या दीडशे वर्षांत आपल्याकडे शिकलेल्या मुलांमागे एकट्या आईबापांचा पैसा फार क्वचित दिसतो. भाऊ, मामा, गावातली घरं, संस्थान, समाज अशी बरीच माणसं त्या ओझ्याखाली खांदा देऊन उभी असतात.

पुण्यात गरीब ब्राह्मणाचा मुलगा शिकायला आला की वार लावायचा. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी चुरमुरे. १९०९ साली पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह निघालं. तिथली मुलं झोळी घेऊन माधुकरी मागायची आणि मिळेल ते सगळ्यांत वाटून खायची. या सोयीवर किती तरी मोठी माणसं उभी राहिली, हे मी मनापासून मानते. पण ती सोय कुणासाठी होती हेही सांगितलंच पाहिजे. कुणब्याच्या पोराला सदाशिव पेठेत वार कोण देणार? महारा-मांगाच्या पोराला तर उंबऱ्याच्या आतही घेत नसत.

कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी हे नेमकं ओळखलं. १८९६ मध्ये त्यांनी राजाराम कॉलेजला जोडून सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं होतं. व्यवहारात ते ब्राह्मण मुलांचंच राहिलं. मग त्यांनी वाट बदलली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग. पुढे मुस्लिम, लिंगायत, शिंपी, दैवज्ञ. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. दरबाराने जागा द्यायची, सालिना मदत द्यायची आणि बाकीचं त्या त्या समाजाने वर्गणी काढून उभं करायचं, अशी ती रीत होती. जातवार बोर्डिंगं काढली म्हणून महाराजांना नावं ठेवणारे आजही भेटतात. मला त्यांचा निर्णय हिशोबी माणसाचा वाटतो. खेड्यातून आलेल्या मुलाची फी माफ झाली तरी संध्याकाळी जेवायला कुठे जायचं हा प्रश्न उरतोच, आणि फीपेक्षा तो मोठा असतो. खिडकीवरही मी तेच पाहिलं. मुलं कॉलेज सोडायची ती बहुतेक वेळा मेस आणि खोलीच्या पैशांपायी.

कोल्हापूरच्या त्याच जैन बोर्डिंगात एक मुलगा राहून गेला होता, भाऊराव पाटील. त्यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. धनिणीच्या बागेतल्या या बोर्डिंगाबद्दल आमच्याकडची जुनी माणसं बोलायला लागली की थांबत नाहीत. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सगळी पोरं एका चुलीवर शिजवायची आणि एका पंगतीला बसायची. पाणी भरणं, दळण, भाकऱ्या, शेतातलं काम हे सगळं पोरांनीच करायचं. गावोगाव फिरून मूठमूठ धान्य गोळा व्हायचं. एकदा भाऊराव बाहेरगावी असताना कोठीतलं धान्य संपलं, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र देऊन पोरांना जेवू घातलं. ही गोष्ट साताऱ्यात घरोघर माहीत आहे. अंगावरचं सोनं त्यांनी असंच एकेक करून दिलं. १९३० मध्ये त्या गेल्या.

या बोर्डिंगातल्या मुलाला आपल्या शिक्षणाचा खर्च समजावून सांगावा लागत नसे. भाकरीचं पीठ त्यानेच दळलेलं असायचं. १९४७ मध्ये भाऊरावांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं आणि श्रम करून शिकायची हीच रीत पदवीपर्यंत नेली. आज विद्यापीठांत ‘कमवा आणि शिका’ योजना चालते ती याच मुळातून आलेली.

डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणाचे आकडेही असेच बोलके आहेत. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना बडोद्याच्या सयाजीरावांकडून महिना पंचवीस रुपये मिळायचे. १९१३ मध्ये कोलंबियाला जाताना महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायचा करार. तरुण वयात अशा कागदावर सही करणाऱ्याला शिक्षणाची किंमत काय असते हे कळलेलं असतं. पुढे १९४६ मध्ये त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, तेव्हा तिथे वर्ग सकाळी भरवले, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्या पोरांना पगार न सोडता शिकता यावं.

पुढे आर्थिकदृष्ट्या मागास घरांसाठी सरकारची ईबीसी सवलत आली. घरचं वार्षिक उत्पन्न बाराशेच्या आत असेल तर फी माफ. तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला घराघरांत शिरला तो तिथून. माझं स्वतःचं कॉलेज त्याच दाखल्यावर झालं. तो कागद वडील पिशवीत घडी घालून आणायचे आणि मला स्वतः ऑफिसात द्यायला लावायचे. ‘तुझं शिक्षण आहे, तूच दे,’ एवढंच म्हणायचे.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि चित्र पालटलं. जागा वाढल्या, खेड्यातल्या पोरांना पुण्या-मुंबईबाहेरही इंजिनिअर होता आलं, हे खरं. पण फीचा आकडा पगाराच्या आणि उसाच्या बिलाच्या पलीकडे गेला. डोनेशन हा शब्द लग्नातल्या हुंड्यासारखा हळू आवाजात बोलला जाऊ लागला. याच काळात खिडकीवरचं एक दृश्य बदललेलं मी पाहिलं. बाप नोटा मोजायला लागला की पोराला म्हणायचा, ‘तू जिन्यापाशी थांब.’ पैशांची ओढाताण पोराला दिसू नये, त्याचं लक्ष अभ्यासात राहावं, या मायेपोटी. ती माया मला कळायची. तरी मी पोराला परत बोलवायची आणि पावती त्याच्याच हातात द्यायची. शिकवणी, प्रयोगशाळा, अनामत, विकास निधी, एकेक ओळ त्याला वाचायला लावायची. काही बापांना ते आवडायचं नाही.

आजच्या योजनांची नावं पाहा. शिक्षण शुल्क सवलत राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने, वसतिगृह निर्वाह भत्ता डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने, खोली आणि जेवणासाठीची स्वाधार योजना डॉ. आंबेडकरांच्या नावाने. अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय चालवणाऱ्या पंजाबरावांचं नाव निर्वाह भत्त्याला असणं मला फार योग्य वाटतं. महाडीबीटीवर फॉर्म भरणाऱ्या पोरापोरींना ही माणसं कोण हे घरी कुणीतरी सांगावं.

निवृत्त झाल्यावरही शेजारपाजारचे आईबाप माझ्याकडे कागद घेऊन येतात. मुलगी दहावीला असेल तर मी सांगते, सुट्टीत तिला स्वतःला दाखल्यांसाठी सेतू केंद्रात पाठवा. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर. जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच टाका, प्रवेशाच्या गर्दीत तो अडकतो. तिच्या नावाचं बँक खातं आधारला जोडलं आहे का ते तिनेच जाऊन बघावं. खातं जोडलेलं नसेल तर मंजूर झालेली स्कॉलरशिपही हातात येत नाही. कर्ज घ्यायचं असेल तर बँकेत तिला शेजारच्या खुर्चीवर बसवा. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. शिकत असतानाही व्याज चढत राहतं, हे मात्र पुष्कळांना हप्ता सुरू झाल्यावर कळतं.

२०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ झाली आहे. मागच्या आठवड्यात एक जोडपं आलं, मुलीला पुण्यात इंजिनिअरिंगला घालायचंय. ‘फी माफ आहे, आता काय काळजी,’ असं वडील म्हणत होते. मी मुलीला वही आणायला सांगितली. हॉस्टेल, अनामत, मेस, बसचा पास, लॅपटॉप, दिवाळीला घरी यायचं तिकीट, असं तिने एकाखाली एक लिहिलं. बेरीज झाल्यावर वडील गप्प झाले. मुलीने मात्र पेन्सिल घेतली आणि कोणता खर्च भत्त्यातून निघेल, मामा कुठला देणार म्हणाला आहे, आणि कुठला तिला स्वतःला कमवून काढावा लागेल, अशा तीन रकान्यांत ती यादी पुन्हा मांडायला बसली.