बडोद्याच्या पेट्या

सदरमध्ये राहून बडोद्याच्या वाचनालयांवर का लिहायचं? सांगतो. आमच्या रेसिडेन्सी रोडच्या नावात तो इंग्रज रेसिडेंट अजून ठाण मांडून आहे. रघुजी तिसरे १८५३ साली वारले, वारस मान्य झाला नाही आणि १८५४ मध्ये भोसल्यांचं नागपूर कंपनीने गिळलं. बडोद्याचे गायकवाड मात्र १९४९ पर्यंत टिकले. त्यामुळे मराठी राजाच्या हाती स्वतःचा खजिना असला तर वाचनालयांचं काय होतं, हे बघायला आम्हा नागपूरकरांना बडोद्यालाच जावं लागतं.

सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पण शाळा सुटल्यावर पोराच्या हाती पुस्तकच पडलं नाही, तर चार वर्षांत अक्षरओळखही जाणार. मग एवढा खर्च कशाला? अमेरिकेत त्यांनी सार्वजनिक वाचनालयं पाहिली होती. तिथूनच १९१० मध्ये विल्यम बोर्डन या ग्रंथपालाला तीन वर्षांसाठी आणलं.

आता गंमत बघा. मध्यवर्ती ग्रंथालय जुन्या सरकारवाड्यातच थाटलं आणि महाराजांच्या खाजगी संग्रहातली सुमारे २० हजार पुस्तकं तिथे गेली. पण १९११ मध्येच बोर्डनने ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणाचा वर्ग काढला. रंगनाथन मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले १९२४ साली, म्हणजे त्याच्याही तेरा वर्षं आधी. पुस्तकं देण्या-घेण्याचं काम शिकावं लागतं, त्याचा पगार द्यावा लागतो, ही गोष्ट तेव्हा इथे किती लोकांच्या गळी उतरली असेल कोण जाणे! १९१२ पासून 'लायब्ररी मिसेलनी' हे त्रैमासिकही निघालं, इंग्रजी, गुजराती आणि मराठीत. ग्रंथालयाच्या कामाविषयीचं नियतकालिक, तेही मराठीतून, १९१२ मध्ये!

बोर्डन १९१३ मध्ये परत गेला तरी काम थांबलं नाही, कारण मागे माणसं तयार होती. जनार्दन सखाराम कुडाळकरांनी सूत्रं हाती घेतली. गावाचं वाचनालय काढायचं तर खर्चाचा एक वाटा गावाने वर्गणीतून उभा करायचा, तेवढाच जिल्ह्याच्या स्थानिक मंडळाने आणि तेवढाच सरकारने घालायचा. गावाच्या खिशातून पैसा गेला की गाव हिशोबही विचारतं. नुसत्या सरकारी देणगीत ही गोष्ट होत नाही.

आणि जिथे वाचनालयच नाही तिथे लाकडी पेटी. त्यात थोडकी पुस्तकं भरायची, कुलूप लावायचं आणि रेल्वेने पाठवून द्यायची, नेण्या-आणण्याचा खर्च खात्याचा. गावात कोणीतरी जबाबदार माणूस ती सांभाळणार. वाचून झाली की पेटी परत, नवी पेटी हजर. आमच्या धंद्यात याला कॅशिंग म्हणतात आणि त्याचे भरपूर पैसे घेतात. असो. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी जादूचा कंदील आणि चलच्चित्रांचे खेळ गावोगाव फिरत. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांची वेगळी खोली होती, तिथे खेळणीसुद्धा ठेवलेली. पोरगं खेळायला आलं की पुस्तकाला हात लावेलच, असा साधा हिशोब.

आपल्याकडे कायदा झाला तो १९४५ साली कोल्हापूर संस्थानात. तोही संस्थानातच, बरं का. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आला १९६७ मध्ये. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात ग्रंथालय कर होता, आपल्या कायद्यात तो नाही. वाचनालयं संस्थांची, सरकारचं अनुदान, असा मामला. त्यामुळे ग्रंथपाल ना धड सरकारी नोकर, ना धड खाजगी. ग्रंथालय प्रशिक्षणाचे सहा महिन्यांचे वर्ग चालतात, परीक्षा होते, प्रमाणपत्र मिळतं. बोर्डनचा हा धडा आपण बरोबर गिरवला. पण शिकून आलेल्या माणसाला द्यायचं काय? लहान गावातल्या 'ड' वर्ग वाचनालयाचं अनुदान २०१२ च्या वाढीनंतर वर्षाला ३० हजार होतं. २०२२ मध्ये सरकारने ६० टक्के वाढ दिली, म्हणजे ४८ हजार. भागाकार करा, तेव्हा महिन्याला ४ हजार झाले. पुस्तकं, वर्तमानपत्रं, विजेचं बिल आणि ग्रंथपालाचा पगार, अनुदानापुरता हिशोब तेव्हा एवढ्यातच बसवावा लागे.