व्यसनोपचार केंद्रांतील एचआयव्ही प्रतिबंध संशोधन

अमली पदार्थांच्या व्यसनावर उपचार घेणाऱ्या रुग्णांना एचआयव्हीची लागण होऊ नये यासाठी नेमके काय उपयोगी पडते, याचा उपचार केंद्रांतच शोध घेणारी संशोधनशाखा. १९८०च्या दशकात अमेरिकेतील मेथाडोन केंद्रांत तिची सुरुवात झाली. पुढे थायलंड, चीन आदी देशांत मोठ्या चाचण्या झाल्या. या साऱ्या कामातून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली आहे: नुसत्या उपदेशापेक्षा रुग्णाला पुरेशा मात्रेत, दीर्घकाळ आणि सन्मानाने उपचारात टिकवून ठेवणे हा एचआयव्ही रोखण्याचा अधिक खात्रीचा मार्ग आहे.

लागणीची वाट

शिरेत नशा घेणारी व्यक्ती सुई टोचल्यावर सिरिंजचा दट्ट्या किंचित मागे ओढते. नळीत रक्त उतरले की सुई शिरेत असल्याचे कळते. नशा टोचून झाल्यावरही नळीत आणि सुईत रक्ताचा अंश उरतो. तीच सिरिंज दुसऱ्याने वापरली, की विषाणू थेट त्याच्या रक्तात जातो. पूड विरघळवण्याचे झाकण किंवा चमचा, गाळण्याचा कापूस आणि धुण्याचे पाणी एकत्र वापरल्यानेही धोका वाढतो.

हेरॉइनचा अंमल काही तासांतच ओसरतो. ‘गर्द’ म्हणून महाराष्ट्राला माहीत असलेली ब्राउन शुगर हे त्याचेच अशुद्ध रूप. अंमल ओसरला की अंगदुखी, घाम, जुलाब आणि तगमग सुरू होते. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात याला ‘टर्की’ म्हणतात. या अवस्थेत माणूस हाताशी येईल ती सुई उचलतो. धोका ठाऊक नसतो असे नाही, पण त्या क्षणी यातना थांबवणे हीच त्याची गरज असते. म्हणूनच केवळ माहितीपत्रके वाटून ही लागण थांबत नाही.

आरंभीचे पुरावे

न्यूयॉर्कमधील व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर यांनी १९६५ साली मेथाडोनच्या दीर्घकालीन उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे औषध तोंडाने घेतले जाते आणि योग्य मात्रा ठरली की दिवसातून एकदा घेतलेला डोस टर्की रोखतो. तेव्हा उद्देश व्यसनावर ताबा मिळवण्याचा होता. एड्सचे पहिले रुग्ण नोंदले गेले ते १९८१ मध्ये. सुईची गरजच कमी करणारा हा उपचार नव्या साथीतही लोकांना वाचवत असेल का, हा प्रश्न त्यानंतर पुढे आला.

जॉन बॉल आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया व बाल्टिमोर येथील सहा मेथाडोन केंद्रांचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. उपचारात राहिलेल्यांमध्ये सुईचा वापर मोठ्या प्रमाणात घटला होता. उपचार सोडलेल्यांपैकी ८२ टक्के लोक मात्र वर्षभरात पुन्हा सुईकडे वळले.

डेव्हिड मेट्झगर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेला फिलाडेल्फियातील अभ्यास या शाखेत पायाभूत मानला जातो. मेथाडोन घेणारे आणि त्याच शहरातील उपचाराबाहेरचे, अशा २५५ जणांवर त्यांनी दीड वर्ष लक्ष ठेवले. सुरुवातीला बाधित नसलेल्यांपैकी, उपचारात कायम राहिलेल्या ३.५ टक्के लोकांना या काळात लागण झाली. कायम उपचाराबाहेर राहिलेल्यांमध्ये हे प्रमाण २२ टक्के होते. उपचारात येणारा माणूस मुळातच अधिक सावध असू शकतो, हा आक्षेप अशा निरीक्षणात्मक अभ्यासांना लागू पडतो. तरीही वेगवेगळ्या देशांतील आकडे एकाच दिशेने गेले. असे अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, मेथाडोनसारख्या पर्यायी औषधोपचारामुळे लागणीचा धोका सुमारे ५४ टक्क्यांनी कमी होत असल्याचे दिसले.

मात्रा आणि कालावधी

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९च्या मार्गदर्शनानुसार मेथाडोनची नेहमीची मात्रा दिवसाला ६० ते १२० मिलिग्रॅम असावी. मात्रा तुटपुंजी असेल तर रुग्ण केंद्रात येत राहतो आणि बाहेर सुईही घेत राहतो.

कालावधीचा प्रश्न चीन आणि थायलंडमधील ‘एचपीटीएन ०५८’ या चाचणीने तपासला. तिच्यात १,२५१ जण सहभागी झाले. एका गटाला वर्षभर ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोन हे पर्यायी औषध दिले गेले, तर दुसऱ्याला जेमतेम १८ दिवस. समुपदेशन दोन्ही गटांना मिळाले. नव्या लागणी अपेक्षेपेक्षा कमी झाल्याने चाचणी आधीच थांबवावी लागली आणि एचआयव्हीबाबत निर्णायक उत्तर मिळाले नाही. मात्र वर्षभर औषध घेणाऱ्यांमध्ये हेरॉइनसारख्या पदार्थांचा वापर स्पष्टपणे कमी होता आणि औषध बंद झाल्यावर हा फरक पुसला गेला. मधुमेहाच्या रुग्णाचे औषध ठरावीक दिवसांनी तोडण्याचा आग्रह कोणी धरत नाही. व्यसनाच्या रुग्णाबाबत तो सर्रास धरला जातो. या आग्रहाला अशा निष्कर्षांत आधार सापडत नाही.

तपासणी आणि समुपदेशन

अमेरिकेच्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन ड्रग अब्यूज’ या संस्थेने १९९९ मध्ये उपचार केंद्रांचे चाचणी-जाळे उभारले. त्यातील १२ केंद्रांतल्या १,२८१ रुग्णांवरील अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. केंद्रातच झटपट तपासणीची सोय असलेल्या रुग्णांमध्ये, चिठ्ठी देऊन बाहेर पाठवलेल्यांच्या तुलनेत, तपासणीचा निकाल हाती पडण्याचे प्रमाण सुमारे साडेचार पट होते. तपासणीसोबत दिलेल्या छोट्या समुपदेशनाने असुरक्षित लैंगिक संबंध मात्र आणखी घटले नाहीत. याच जाळ्यात पुरुषांसाठी व स्त्रियांसाठी स्वतंत्रपणे आखलेल्या पाच सत्रांच्या गटकार्यक्रमांचे परिणाम अधिक आशादायक होते. जोडीदाराशी बोलण्याचा आणि कंडोम वापरण्याचा सराव त्यांत करून घेतला जाई.

बँकॉकची चाचणी

बँकॉक महानगर प्रशासनाच्या १७ व्यसनोपचार केंद्रांत २००५ ते २०१२ या काळात टेनोफोव्हिर या प्रतिबंधक गोळीची चाचणी झाली. २,४१३ बाधित नसलेल्या व्यक्ती तिच्यात सहभागी होत्या. टेनोफोव्हिर घेणाऱ्या १७ जणांना, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्या ३३ जणांना लागण झाली. धोका ४८.९ टक्क्यांनी कमी झाला आणि ज्यांच्या रक्तात औषध आढळले त्यांना अधिक संरक्षण मिळाले. बहुतेक दिवशी सहभागींनी कर्मचाऱ्यांसमोर गोळी घेतली. त्यामुळे केंद्रात नियमित येण्याच्या सवयीचा या यशाला हातभार लागला असावा.

याच चाचणीवरून मोठा नैतिक वादही झाला. सहभागींना कंडोम आणि सुई निर्जंतुक करण्यासाठी ब्लीच दिले गेले, पण निर्जंतुक सुया दिल्या गेल्या नाहीत. सिद्ध झालेले साधन हाताशी असताना सहभागींना ते मिळायलाच हवे होते, ही टीका रास्त आहे. शिवाय रुग्णाचा रोजचा डोस ज्या केंद्राच्या हाती असतो, त्याच केंद्रात संशोधनासाठी संमती घेताना नकार देण्याचे खरे स्वातंत्र्य जपणे अत्यावश्यक ठरते.

भारत

मणिपूरमध्ये १९८९-९० साली सुईने नशा करणाऱ्यांमधील एचआयव्हीचे प्रमाण काही महिन्यांतच शून्यावरून निम्म्यापर्यंत पोहोचले. दिल्लीत ‘शरण’ या संस्थेने १९९०च्या दशकात ब्युप्रेनॉर्फिनचा उपचार सुरू केला. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या २००७ पासूनच्या तिसऱ्या टप्प्यात तो सरकारी धोरणाचा भाग झाला. केंद्रात परिचारिका गोळीची पूड करून ती रुग्णाच्या जिभेखाली देते आणि पूर्ण विरघळेपर्यंत त्याला समोर बसवून ठेवते. गोळी बाहेर नेऊन तिचेच इंजेक्शन घेतले जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. परंतु रोज यावे लागत असल्याने केंद्राची वेळ मजुरीच्या वेळेशी जुळली नाही, तर रुग्ण सुटतो.

२०१४-१५च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सुईने नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण ९.९ टक्के आढळले. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण अधिनियम, २०१७ या कायद्याने सुयांचे वाटप आणि पर्यायी औषधोपचार यांसारख्या धोका कमी करणाऱ्या उपायांना फौजदारी कारवाईपासून संरक्षण दिले.

सद्यःस्थिती

आता भर एकाच छताखाली सेवा देण्यावर आहे. इंडोनेशिया, युक्रेन आणि व्हिएतनाममधील ‘एचपीटीएन ०७४’ चाचणीत बाधित व्यक्तींना मदतनीस, समुपदेशन आणि तत्काळ एचआयव्ही उपचार मिळाले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. महिनाभर परिणाम टिकणारे ब्युप्रेनॉर्फिनचे इंजेक्शन आणि दीर्घकाळ काम करणारी एचआयव्ही-प्रतिबंधक इंजेक्शने यांमुळे रोजच्या फेऱ्यांचा अडसर दूर होऊ शकतो. स्त्रिया या अभ्यासांत फारच कमी दिसतात आणि मेथॲम्फेटामिनसारख्या उत्तेजकांसाठी मेथाडोनच्या तोडीचे औषध अजून नाही; या दोन उणिवा मोठ्या आहेत. रशियात मेथाडोनवर कायदेशीर बंदी कायम आहे. हेरॉइनसारख्या पदार्थांबाबत मात्र आता पुराव्यांची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. केंद्रे पुरेशी असणे, मात्रा पुरेशी असणे आणि पुन्हा घसरलेल्या रुग्णाला दार बंद न करणे, हे सरकारांचे आणि समाजाचे कर्तव्य आहे.