प्राण्यांचे खाद्य अंतर्भाग आणि आयातीचे नियम : पहूरच्या अनुषंगाने एक टिपण

आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकास जकातीची दप्तरे हे मोठे विश्वसनीय साधन वाटते, आणि ते पुष्कळ अंशी योग्यच होय. परंतु एखादा जिन्नस कोणत्या नावाखाली नोंदला जातो, हा प्रश्न आधी विचारला नाही, तर आकडे खरे असूनही निष्कर्ष चुकतो. जनावर कापल्यावर मुख्य मांसाखेरीज जे खाण्याजोगे भाग उरतात, म्हणजे काळीज, गुर्दे, भेजा, जीभ, मुंडी, पाय, वजडी आणि रक्त, त्यांच्या बाबतीत हे विशेषेकरून दिसून येते. प्रस्तुत टिपणात खानदेशातील पहूर हे गाव समोर ठेवून या प्रश्नाचा विचार केला आहे.

पहूर हे जामनेर तालुक्यातील गाव. जळगावहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता आणि पाचोरा-जामनेर मार्ग येथे एकत्र येतात. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात येथे आलेली अरुंद मापाची रेल्वे 2020 पर्यंत धावत होती. दक्षिणेस अजिंठ्याचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याचे फर्दापूर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात मोडत असे, आणि त्या राज्याची जकात स्वतंत्र होती. अशा रीतीने पहूर हे सरहद्दीजवळचे गाव होते. तथापि वजडी किंवा रक्त हा सरहद्द ओलांडणारा जिन्नस होणे शक्य नव्हते. बर्फाच्या सोयीवाचून हे भाग खानदेशच्या उन्हात काही तासांतच नासतात. कापूस, कातडी, हाडे, शिंगे आणि जिवंत जनावरे दूर जाऊ शकत. अंतर्भाग मात्र जनावर जेथे पडले वा कापले गेले तेथेच संपत.

जकातीत नोंद नव्हती, याचा अर्थ नियम नव्हता असा नव्हे. तो नियम गावगाड्याचा होता. मेलेले जनावर ओढून नेणे हे महारांचे वतनी काम, आणि त्या जनावराचे मांस हा त्या कामाचा मोबदला मानला जाई. ज्यास हक्क म्हणत, तेच अस्पृश्यतेचे कारण म्हणूनही दाखविले जाई. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडून देण्याचे आवाहन केले, ते या दुहेरी बंधनावरच आघात करणारे होते. पुढे मुंबई राज्याच्या 1958 च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. डोंगरापलीकडील मराठवाड्याच्या महार-मांग समाजांतील अशा अन्नाची तपशीलवार नोंद शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (2015) या ग्रंथात आढळते.

शहराचा नियम निराळा होता. मुंबई महानगरपालिकेच्या 1888 च्या कायद्याने, परवानाप्राप्त नसलेल्या कत्तलखान्यात कापलेल्या जनावराचे मांस आयुक्तांच्या लेखी परवानगीवाचून शहरात आणण्यास मनाई केली. देशाच्या सीमेवरील 1898 चा पशुधन आयात कायदा तर मुळात जिवंत जनावरांपुरताच होता. पशुजन्य पदार्थ त्याच्या कक्षेत आले ते 2001 च्या दुरुस्तीने. त्याच वर्षी आयातीवरील संख्यात्मक निर्बंध उठले होते, हा योगायोग नव्हे. निर्बंधांची जागा आरोग्यविषयक परवान्याने घेतली.

आता सीमाशुल्काच्या अनुसूचीकडे वळू. 1986 पासून भारताने आंतरराष्ट्रीय सुसूत्र वर्गीकरण स्वीकारले. त्याच्या दुसऱ्या प्रकरणाचे नावच ‘मांस व खाद्य अंतर्भाग’ असे आहे. जीभ, काळीज इत्यादी भाग तेथे 02.06 या शीर्षकाखाली येतात. परंतु प्रकरणाच्या आरंभीची टीप आतडी, मूत्राशय व जठर यांना बाहेर काढून 05.04 मध्ये घालते, आणि रक्तास 05.11 किंवा 30.02 कडे पाठविते. म्हणजे वजडी आणि रक्त ‘खाद्य’ या मथळ्याखाली येतच नाहीत. येथे तिरस्कार शोधणे मात्र योग्य ठरणार नाही. आतड्यांचा जागतिक व्यापार प्रामुख्याने सॉसेजच्या आवरणासाठी चालतो, म्हणून 05.04 हे शीर्षक वस्तू खाद्य आहे की नाही, हा प्रश्नच विचारीत नाही.

‘खाद्य’ या शब्दावर आणखी एक मर्यादा पडते. गोमांसाची कोणत्याही रूपात आयात करण्यास भारतात बंदी आहे; गाय, बैल व वासरू यांचे अंतर्भाग निर्यात करण्यासही मनाई आहे. महाराष्ट्रात 2015 मध्ये बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. परराज्यात कापलेल्या अशा जनावराचे मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरविणारे कलम मात्र मुंबई उच्च न्यायालयाने मे 2016 मध्ये रद्द केले.

यावरून असे म्हणावे लागते की, गावगाड्याने या अन्नाचा वाटा जातीनुसार ठरविला, शहराने कत्तलीच्या स्थळानुसार आणि सीमाशुल्काने व्यापारी उपयोगानुसार. यांपैकी कोणत्याही नियमाने खाणाऱ्यास काय खाद्य वाटते, हे विचारलेले नाही. म्हणून केवळ दुसऱ्या प्रकरणाचे आकडे घेऊन या अन्नाचा इतिहास लिहिणाऱ्याच्या हाती काळीज लागेल, वजडी निसटेल. त्याने पाचवे प्रकरणही उघडले पाहिजे, आणि पहूरसारख्या गावातील वृद्धांच्या तोंडून जे मिळेल ते वेळीच टिपून ठेवले पाहिजे. कारण तो पुरावा कोणत्याही जकात-नाक्यावर नोंदला गेलेला नाही.